सपरीतली मोला

आमच्या घराला सपरी होती म्हणून हे सगळं घडलं. नाहीतर दोन खोल्यांत आम्ही चार माणसंच कशीबशी मावत होतो, तिथं आणखी दोघींना जागा कुठून निघाली असती? सपरी म्हणजे घरापुढची कवेलूच्या छपराची पडवी. आमची तीन बाजूंनी बांबूच्या तट्ट्यांनी झाकलेली होती. त्यात बाबांची सायकल असे, कोळशाचं पोतं असे, मायची शेगडी असे आणि एका कोपऱ्यात वाकळांची चळत. पहाटे गिरणीचा भोंगा वाजला की बाबा सायकल काढत. तिच्या मागच्या चाकाचा एक ठराविक खडखडाट होता. तो गल्लीच्या टोकाला जाऊन विरला की माय शेगडी पेटवायला घेई. धूर तट्ट्यांच्या फटींतून बाहेर निघे, आणि थंडीच्या दिवसांत सगळ्या वस्तीवर तसाच निळसर धूर तरंगत राही. उत्तर नागपूरच्या त्या वस्तीत आमच्यासारखीच घरं होती. बरेचसे बाप गिरणीत होते. प्रत्येक घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, आणि विहार आमच्यापासून चार घरं सोडून.

मोला आणि डोलमा आमच्याकडे आल्या त्या विहारातूनच. तिबेटी लोक हिवाळ्यात स्वेटर विकायला नागपुरात येत, आजही येतात. भंडाऱ्याकडच्या जंगलापलीकडे त्यांची वसाहत होती. दिवाळी झाली की गठ्ठे घेऊन यायचे आणि आंब्याला मोहोर आला की परत जायचे. एका पौर्णिमेला माय वंदनेला गेली तर एक म्हातारी विहाराच्या थंडगार फरशीवर पूर्ण आडवी होऊन नमस्कार घालत होती. उठायची, हात जोडायची, पुन्हा आडवी व्हायची, आणि दर वेळी उठताना खोकायची. तिच्याजवळ एक तरुण बाई कोट सावरत उभी होती. मायने तिला मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं, कुठं राहता. ती म्हणाली, दुकानाच्या मागे. दुकान म्हणजे रस्त्याकडेला बांबू रोवून बांधलेली ताडपत्री. तिच्या मागे म्हणजे उघड्यावर.

संध्याकाळी बाबा हातपाय धुऊन टेकले तेव्हा माय म्हणाली, "त्या म्हातारीले मी सपरीत आनून राहिली."

बाबांनी विचारलं, "इचारून राहिली का सांगून राहिली?"

"सांगून राहिली."

बाबा हसले. सायकल कुठं ठेवू, एवढंच त्यांनी विचारलं. ती मग दर हिवाळ्यात आतल्या खोलीत, माझ्या आणि ताईच्या पायाशी राहिली.

वस्तीत थोडी कुजबुज झाली. समोरच्या कौसल्यामावशी स्वभावाच्या वाईट नव्हत्या, पण मनात येईल ते बोलून टाकत. त्या मायला म्हणाल्या की आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या, देव सोडले, गंडेदोरे सोडले, आणि तू दिवसभर माळ ओढणारी बाई घरात आणून बसवली. हे कसले बौद्ध? माय तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "माळ हातात असली म्हनून थंडी कमी वाजते का वं?" कौसल्यामावशी बसल्या आणि तिच्याबरोबर तांदूळ निवडू लागल्या.

मायचं हे वागणं कुठून आलं होतं ते मला फार उशिरा कळलं. ती परकर नेसत होती तेव्हा तिच्या बापाने दीक्षा घेतली, आणि गावाने त्यांच्या घराला विहीर बंद केली, काम बंद केलं. एका सकाळी सगळे बैलगाडीत बसून नागपूरला निघून आले. इथं कुणाच्या तरी सपरीत ते राहिले. त्या घरच्या बाईने कधीच विचारलं नाही की तुम्ही जाणार केव्हा. माय हे एकदाच बोलली, तेही दुसरंच काही सांगताना. पण घर सुटलेल्या माणसाला "काहून आला" असं विचारू नये, "बस" म्हणावं, हे तिने आम्हाला लहानपणापासून शिकवलं होतं.

डोलमा पंचविशीची असेल. नवरा उत्तरेकडे फौजेत. मोला म्हणजे तिची आजी. मोला हे नाव नव्हेच, त्यांच्या भाषेत आजीला तसं म्हणतात, पण आम्ही तेच नाव समजून बसलो आणि वस्तीभर तेच झालं. मायला डोलमा "आमा-ला" म्हणे, म्हणजे आई. पहिले काही दिवस ती सपरीतून "आमा-ला" अशी हाक मारायची आणि मला वाटायचं ही शाळेतल्या मराठीत "आम्हाला" म्हणून राहिली आहे. मी आपली दारात जाऊन विचारायची, "क्या चाहिये?" ती म्हणे, काही नको. मग पुन्हा आतून "आमा-ला". ताईच्या लक्षात आलं तेव्हा ती इतकी हसली की तिला ठसका लागला, आणि मोलाही काही न समजता तिच्याबरोबर हसत राहिली. मोलाला वरचे दात नव्हते. हसली की चेहऱ्यावरच्या सगळ्या सुरकुत्या डोळ्यांकडे धावायच्या.

त्यांचा मिठाचा चहा हे आमच्या घरातलं मोठं नवल होतं. उकळलेल्या चहात मीठ आणि लोणी घालून लाकडी नळकांड्यात घुसळायचा. नागपुरात लोणी कुठलं परवडायला, मग डोलमा डालडाच घाले. मायने पहिला घोट घेतला, थोडा वेळ तो तोंडातच ठेवला आणि म्हणाली, "हे तं कढीसारखं लागून राहिलं." तेव्हापासून आमच्या घरी त्याला चायची कढी म्हणत. थंडी पडली की बाबाही कपभर मागून घेत. उलट मोलाला आमची पाटवडी फार आवडायची. रस्सा झणझणीत लागे तिला, डोळ्यांतून पाणी गळे, तरी वाटी पुढे करी. जवसाची चटणी तर ती तळहातावर घेऊन चाटत बसे. डोलमा सकाळीच दुकानावर जाई. मोला दिवसभर सपरीच्या तोंडाशी उन्हात बसे आणि ऊन सरकेल तशी सरके. एका हातात माळ, ओठांत ते पुटपुटणं. शाळेतून येताना गल्लीच्या वळणावर मला आधी ते पुटपुटणं ऐकू यायचं आणि मग घर दिसायचं.

आता मी मनीषनगरात तिसऱ्या माळ्यावर राहते. घर चांगलं आहे, मुलाने घेतलंय. खाली फाटकाशी वहीत नाव लिहिल्याशिवाय कुणाला वर येता येत नाही. दाराबाहेर चपला काढण्यापुरती जागा आहे. कधीकधी वाटतं, मायला इथं आणलं असतं तर तिने आधी विचारलं असतं की येणारा-जाणारा माणूस टेकतो कुठं.

मोलाचं खरं सूत जमलं ते ताईशी. सुशीलाताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. मॅट्रिकला इंग्रजीत राहिली आणि घरीच बसली. दुपारी घरात आम्ही कुणी नसायचो, माय दोन घरी भांडी घासायला जाई, आणि ह्या दोघी सपरीत. एकीला मराठी येत नाही, दुसरीला तिबेटी येत नाही. मोलाने तिला विणायला शिकवलं. ताईचा टाका चुकला की मोला तिच्या बोटांवर हलकेच चापट मारी, सगळं उसवायला लावी आणि लगेच तिच्या गालाला हात लावी. ताई सावळी होती, अंगाने काडी. दोन ठिकाणची माणसं तिला पाहून गेली होती आणि कळवतो म्हणून कळवलं नव्हतं. त्यानंतर ती आरशासमोर फारशी जात नसे. मोला मात्र रोज संध्याकाळी तिला पुढ्यात बसवून तिची वेणी घाले, त्यांच्या पद्धतीची, घट्ट. मायने घातलेली वेणी ताई कधी राहू देत नसे. मोलाने घातलेली रात्रभर तशीच राही.

मोलाची हकीकत आम्हाला डोलमाने तुकड्यातुकड्याने सांगितली, स्वेटरांच्या घड्या घालता घालता. चिनी फौज गावात आली तेव्हा डोलमाचा बाप लढायला म्हणून गेला तो परतला नाही. मोला सुनेला आणि नातीला घेऊन निघाली. बर्फातून डोलमाला तिने पाठीवर आणलं. इकडे पोचल्यावर पहाडात रस्ते खोदायच्या कामावर लागल्या. तिथल्या तंबूत डोलमाची आई तापाने गेली. मग तो तंबू उठला, दुसरा पडला, तोही उठला. कुणी सांगितलं दूर खाली जमीन देतात, म्हणून गाडीत बसून विदर्भाच्या जंगलात आल्या. तिथं उन्हाळ्यात म्हातारी माणसं पटापट मेली. आता शेती होती, पण ती पुरत नसे, म्हणून हिवाळा आला की पुन्हा गाठोडी बांधायची. डोलमा हे रडतबिडत सांगत नसे. घडी जमली नाही की मधेच थांबून उलगडायची आणि पुन्हा घालायची. ताईचे हात मात्र थांबलेले असायचे.

तिसऱ्या हिवाळ्यात मोला आली तीच खोकत. सरकारी दवाखान्यात नेलं, औषध आणलं, मायने ओवा-मिठाचा शेक दिला. मोला उन्हात सरकेनाशी झाली. डोलमा तिला परत वसाहतीत न्यायचं म्हणाली तर मोलानेच मान हलवली. बोट खाली जमिनीकडे दाखवून काहीतरी बोलली. डोलमा म्हणाली, ती म्हणते इथं बरं वाटतं, आता गाडी नको.

त्याच दिवसांत ताईला भिवापूरचं स्थळ आलं. मुलगा पंचायत समितीत कारकून, बाप शाळेत मास्तर, घरची थोडी मिरचीची शेती. मध्यस्थाने फोटो आणला होता. तो बाबांनी मायला दाखवला, मायने ताईच्या समोर ठेवून दिला आणि चुलीकडे निघून गेली. दुसऱ्या दिवशी मला तो ताईच्या उशीखाली सापडला. मी तो तसाच परत ठेवला. पुढच्या रविवारी ते लोक पाहायला येणार ठरलं. मायने भिंती सारवल्या. बाबांनी विहारातून खुर्च्या मागून आणल्या. कौसल्यामावशींनी आपल्या मुलीची गुलाबी साडी दिली. ताई ती नेसून मोलाला दाखवायला गेली. मोलाला बसवत नव्हतं. तिने पडल्या पडल्या साडीचा काठ बोटांत धरला, बराच वेळ चाचपत राहिली, आणि डोलमाला काही म्हणाली. डोलमा हसून म्हणाली, "पूछती है, लडका ऊन का काम जानता है क्या."

रविवारी सकाळी मोला गेली. बाबा पाणी भरून आले तेव्हा डोलमा तिच्याजवळ बसली होती आणि मोठ्याने काही म्हणत होती, मोलाच्या कानाशी वाकून. रडत नव्हती. माय धावली तशी डोलमाने हात आडवा केला.

"आमा-ला, छूना नहीं. अभी जा रही है. पूरी नहीं गयी."

मग तिने समजावून सांगितलं. त्यांच्यात लामा येऊन मंत्र म्हणेपर्यंत देहाला हात लावत नाहीत, जागेवरून हलवत नाहीत. जीव शांतपणे बाहेर पडला पाहिजे, त्याला धक्का लागता कामा नये. बाजारातला त्यांचा एक माणूस वसाहतीकडे निघाला होता, लामा दुसऱ्या दिवशी सकाळी पोचला असता. तोवर मोला तिथंच राहायला हवी होती. एवढं सांगून झाल्यावर तिची नजर आतल्या खुर्च्यांकडे गेली, दाराला बांधलेल्या झेंडूच्या माळेकडे गेली, आणि तिने मान खाली घातली. पुढे काही मागितलं नाही.

पाहुणे सकाळच्या एस.टी.ने निघालेले असणार. तेव्हा कुणाकडे फोन होता? कळवायला काहीच मार्ग नव्हता. घरात शिरायला दुसरं दार नव्हतं. जो येईल तो सपरीतूनच आत येणार, मोलाच्या खाटेला खेटून. वस्तीतली माणसं जमली. कुणी म्हणालं, खाट उचलून दोन तास विहारात ठेवू, पाहुणे गेले की परत आणू. कुणी म्हणालं, विहारही पवित्रच जागा आहे. बाबांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. बाबा वाईट माणूस नव्हते. पण दोन ठिकाणचे लोक पोरीला पाहून गेले होते, आणि गिरणीत सारखं कामबंदीचं बोलणं चाललं होतं. ते मायकडे न बघता म्हणाले, "चार जनं मिळून अल्लद नेऊ. धक्का लागू देत नाही. तिले काय समजते आता."

मी मायकडे पाहिलं. मायजवळ कोणत्याही गोष्टीला उत्तर तयार असे. त्या दिवशी ती दाराच्या चौकटीला धरून नुसती उभी राहिली. एकदा मोलाकडे बघे, एकदा आत. मायला असं मी पुन्हा कधी पाहिलं नाही. आज मी स्वतः दोन लेकरांची आई झाल्यावर मला कळतं की त्या घडीला ती कशात अडकली असेल. स्वतःच्या घासातला घास द्यायला ती कधी कचरली नाही. हा घास तिचा नव्हता.

ताई आतून बाहेर आली. गुलाबी साडी नेसून झाली होती, एका कानात डूल होतं, दुसरं हातात. ती बाबांच्या समोर उभी राहिली. आवाज मुळीच मोठा नव्हता.

"बाबा, तिले आखीन कितीदा उठवायचं?"

खाटेला हात घालायला पुढे आलेले दोघे मागे सरले. बाबांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला आणि ते गल्लीच्या तोंडाशी पाहुण्यांची वाट पाहायला निघून गेले. ताईने डूल मायच्या हातात दिलं आणि ती डोलमाशेजारी मोलाच्या पायांशी जाऊन बसली.

पाहुणे दोन सायकलरिक्षांतून आले. मुलाचे वडील, आई, एक काका आणि मुलगा. बाबांनी रस्त्यातच सगळं सांगितलं असावं, कारण ते अंगणात आले तेव्हा चेहरे गोंधळलेले होते. मास्तर म्हणाले की अशा वेळी आम्ही पुन्हा केव्हातरी येऊ. काका जरा दूर उभे होते, पण आम्हाला ऐकू जाईल असंच बोलले, की रस्त्यावर स्वेटर विकणाऱ्या बाईसाठी सोयऱ्याला अंगणात उभं ठेवलं. मुलाने एकदा सपरीत पाहिलं. ताईनेही वर पाहिलं. फोटोतल्यापेक्षाही तो बरा दिसत होता. मग काकांनी त्याला हाक मारली.

मुलाची आई मात्र लगेच वळली नाही. तिने चपला काढल्या, सपरीच्या तोंडाशी येऊन मोलाला हात जोडले आणि मायला विचारलं, "तुमच्या कोन होत्या, बाई?"

माय म्हणाली, "आमच्या घरच्या."

त्या बाईने हातातली थैली मायजवळ दिली. लाल मिरच्या होत्या, शेतातल्या. ती म्हणाली, आणल्यात तर ठेवून घ्या. आणि गेली. आठवड्याने मध्यस्थ निरोप घेऊन आला की त्यांना दुसरीकडे जमलं. आपला मान राखला नाही असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. त्या मिरच्या फार चांगल्या निघाल्या. वर्षभर आमच्या भाजीत होत्या. ताईच त्या कुटायची.

त्या दिवशी आमच्या घरी चूल पेटली नाही. दुपारी कौसल्यामावशी पिठलं-भाकरीची टोपली घेऊन आल्या. डोलमा खाईना, तर त्यांनी भाकरीचा तुकडा मोडून स्वतः तिच्या तोंडाशी धरला. मग त्या तिथंच बसल्या, आणि मोलाच्या हातातून सुटून जमिनीवर पडलेली माळ त्यांनी उचलून पदराने पुसली आणि डोलमाच्या ओंजळीत ठेवली. संध्याकाळी वस्तीतल्या बायका एकेक करून येऊन बसल्या. सपरी भरली तेव्हा बाहेर बसल्या. सात-आठ शेगड्या आणून ठेवल्या होत्या.

लामा सकाळी पहिल्या गाडीने आला. लाल वस्त्रांवर मफलर, हातात कापडी पिशवी, प्रवासाने थकलेला साधा माणूस. तो मोलाच्या उशाशी बसला, तिच्या टाळूवर बोट ठेवलं आणि खूप वेळ हलक्या आवाजात मंत्र म्हणत राहिला. त्याचं झाल्यावर आमच्या विहारातल्या गुरुजींनी त्रिशरण-पंचशील घेतलं. लामाला मराठी येत नव्हतं, पण बुद्धाचं नाव ऐकताच तो उठून उभा राहिला आणि हात जोडून शेवटपर्यंत उभाच राहिला. पहिला खांदा बाबांनी दिला. आमच्याकडे बायका तेव्हा घाटावर जात नसत. डोलमा निघाली, तिला कोण अडवणार. तिच्यामागे ताई निघाली, आणि ताईमागे माय. मग बऱ्याच जणी गेल्या.

डोलमा पुढे आणखी दोन हिवाळे सपरीत उतरली. मग तिच्या नवऱ्याची बदली झाली आणि ती तिकडे डोंगरात गेली. सुरुवातीला कुणाकडून तरी खुशाली कळे, मग तीही बंद झाली. ताईचं लग्न त्यानंतर तीन वर्षांनी उमरेडला झालं. भाऊजी मागावर बसायचे, माग बंद पडल्यावर शाळेत शिपाई झाले. अबोल, सरळ माणूस होता. मागच्या वर्षी गेला.

यंदाच्या थंडीत मी ताईकडे चार दिवस राहायला गेले होते. आम्ही ओट्यावर उन्हात हरभरा सोलत बसलो होतो. आयुष्यभर जे विचारायचं धाडस झालं नाही ते मी तेव्हा विचारलं. म्हटलं, ताई, तो भिवापूरचा मुलगा आठवतो का तुले?

मला वाटलं होतं ती हसून म्हणेल, कोण वं?

"आठवते ना," ताई म्हणाली. "वसंत. हाफ बाह्याचा पांढरा सदरा होता. मले लई आवडला होता."

तिने सुपातले दाणे हाताने सारखे केले.

"वाईट वाटलं का?"

"वाटलं. लई दिवस वाटलं." मग तिने घाटे भरलेली टोपली माझ्याकडे सरकवली. "पन मोला जिथं निजली होती तिथूनच गेली ना वं. कोनी उठवलं नाही तिले."